काळ्या मातीची वाट आणि तीनचाकी बाबागाडी: निवडायची कशी

बाबागाडी बघायला दुकानात जाण्याआधी एक दिवस सकाळी मोजपट्टी घेऊन आपल्याच रस्त्यावरून चालून या. ज्या वाटेनं गाडी रोज जाणार तीच वाट, घराच्या ओट्यापासून अगदी शेवटच्या टोकापर्यंत. मी हे उलट केलं होतं. आधी गाडी आणली आणि रस्ता नंतर पाहिला.

आम्ही अमळनेर तालुक्यात राहतो. घर गावात आणि खळं गावापासून सव्वा किलोमीटरवर. पोर सात महिन्यांची झाली तेव्हा तिला घेऊन रोज सकाळी खळ्यावर जाणं सुरू झालं. पहिली गाडी चार लहान चाकांची होती, दिसायला सुंदर, फरशीवर पाण्यासारखी चालणारी. सासूबाईंनी तिचं पुढचं चाक बोटानं फिरवून पाहिलं आणि म्हणाल्या, "हाई गाडी वावरमा चालाव नही, माय." तिसऱ्या आठवड्यात त्या चाकाची प्लास्टिकची कडी दगडाला अडकून तुटली. पोर पट्ट्यात होती म्हणून तिला काही झालं नाही. त्यानंतर महिनाभर वाचून, विचारून, लोकांच्या गाड्या हाताळून मी तीनचाकी घेतली. ती दोन वर्षं झाली, पावसाळा सोडला तर रोज वापरात आहे. खान्देशात नव्यानं अशी गाडी घेणाऱ्या आईबापांसाठी हे सगळं लिहिते आहे. इथली माती, काटे आणि ऊन बाबागाडीच्या जाहिरातीत कुठेच नसतात, आणि गाडीची खरी परीक्षा तर तेच घेतात.

आधी रस्ता मोजा

घराच्या दाराची आणि फाटकाची रुंदी घ्या. तीनचाकी गाडी मागच्या बाजूनं साधारण ६० ते ७० सेंटिमीटर रुंद असते. धाब्याच्या जुन्या घरातली आतली दारं कधी कधी त्याहून अरुंद निघतात. मग गाडी ओट्यावर ठेवायची की पडवीत, हे आत्ताच ठरवा. ओट्याच्या पायऱ्या किती आणि किती उंच, ते लिहा. गल्लीतल्या गटारीवर लोखंडी जाळी असेल तर दोन गजांमधलं अंतर मोजा, लहान चाक त्यात सरळ खाली जातं. पुढे रस्त्यात वर आलेले दगड पाहा. एखादा मोठा दगड असला तर त्याला वळसा घालता येतो. सारखे लागणारे दगड किती उंच आहेत हे महत्त्वाचं. आमच्या वाटेवर ते तीन सेंटिमीटरचे निघाले.

गाडवाटेवर आणखी एक गोष्ट नीट बघा. ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या खोल पडलेल्या असतात आणि मधे मातीचा उंचवटा राहतो. दोन चाकोऱ्यांमधलं अंतर बाबागाडीच्या रुंदीपेक्षा बरंच जास्त असतं, त्यामुळे आपली गाडी दोन्ही चाकोऱ्यांत बसत नाही. एका चाकोरीत घातली तर मागचं एक चाक खाली आणि दुसरं वर, गाडी तिरपी. शेवटी मधल्या उंचवट्यावरूनच जावं लागतं. आणि तिथेच गवत असतं, सराटे असतात, बांधावरच्या बाभळीच्या फांद्या तोडून नेताना गळलेले काटे असतात. म्हणजे खान्देशात गाडीची निवड काट्यापासून सुरू होते. सीटचा रंग, चहाचा कप ठेवायची जागा हे सगळं त्यानंतर.

तीन चाकंच का

तीन दगडांची चूल कशाही जमिनीवर मांडा, डगमगत नाही. चार पायांचं टेबल मात्र जरा जमीन उंचसखल असली की एक पाय हवेत धरतं. गाडीचंही तसंच. तीन चाकं कायम जमिनीला टेकून असतात, त्यामुळे दांड्यावर सारखा झटका बसत नाही. शिवाय पुढे एकच चाक असल्यानं ते मोठं घेता येतं, आणि वाट काढायची ती एकाच चाकाला.

ही गाडी मुळात धावणाऱ्या बापासाठी तयार झाली. १९८० च्या सुमारास अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा गावी एका वडिलांनी बाळाच्या गाडीला सायकलची चाकं लावून पाहिली, आणि १९८४ मध्ये त्यातून कंपनी उभी राहिली. पहिल्या गाड्यांचं पुढचं चाक पक्कं, न वळणारं होतं. वळायचं तर दांडा दाबून पुढचं चाक उचलायचं. आजच्या बहुतेक गाड्यांचं पुढचं चाक गोल फिरतं आणि हवं तेव्हा सरळ अडकवून ठेवता येतं. त्याविषयी पुढे सविस्तर सांगते.

तीन चाकांचा एक तोटा लक्षात ठेवा. चारचाकीला चारही कोपऱ्यांत आधार असतो, तीनचाकीला पुढच्या दोन कोपऱ्यांत काहीच नसतं. उतारावर झटकन वळवलं, किंवा पोर एका बाजूला वाकून खाली पडलेलं खेळणं उचलायला लागलं, तर गाडी पुढच्या तिरप्या बाजूला कलते. मागची दोन चाकं जितकी लांब लांब, आणि सीट जितकी मागच्या आसाजवळ, तितकी ती कमी कलते. दुकानात गाडी उभी करून सीटच्या पुढच्या उजव्या कोपऱ्यावर हातानं खाली दाबा. हलक्या दाबानं मागचं चाक उचललं जात असेल तर ती गाडी वाटेसाठी नाही.

चाकं: इथे वेळ घालवा

माझा स्पष्ट सल्ला आहे: पैसे कमी असतील तर सीटमध्ये, रंगात, नावात तडजोड करा, चाकात करू नका.

पहिला प्रश्न आकाराचा. बैलगाडीचं चाक एवढं मोठं का असायचं, याचं उत्तर इथेही लागू पडतं. थांबलेलं चाक दगडावर चढवायला किती जोर लागेल, याचा हिशेब करता येतो. दगड तीन सेंटिमीटर उंच धरा. चाक १५ सेंटिमीटर व्यासाचं असेल तर त्या चाकावर जेवढं वजन आहे त्याच्या सव्वापटीहून जास्त जोर लागतो. म्हणजे ढकलण्यापेक्षा उचलणं सोपं. चाक ३० सेंटिमीटरचं, म्हणजे १२ इंची, असेल तर वजनाच्या पाऊणपट जोर पुरतो. ४० सेंटिमीटरचं, म्हणजे १६ इंची, असेल तर साधारण साठ टक्के. म्हणून खडबडीत रस्त्याच्या गाड्यांना बहुतेक पुढे १२ आणि मागे १६ इंची चाक असतं, काहींना तिन्ही १२ इंची. बारा इंचांखाली पुढचं चाक असेल तर शिवारातल्या रस्त्याचा विचार सोडा. दिसायला तीनचाकी, पण चाकं तळहाताएवढी, अशा गाड्या बाजारात पुष्कळ आहेत. त्या घरातल्या फरशीसाठी ठीक.

दुसरा प्रश्न चाकात काय आहे याचा. तीन प्रकार दिसतील. कडक प्लास्टिकचं चाक: मुरुमावर खडखडाट, बाळाच्या मानेपर्यंत हादरा. फोमचं भरीव चाक: पंक्चर होत नाही, हादरा थोडा खातं, पण वर्षभर खडी खाल्ली की त्याचे तुकडे निघायला लागतात. आणि हवेचं चाक, टायर-ट्यूबचं: हादरा सगळ्यात चांगला हेच खातं, कारण दगड आला की टायर तेवढ्या जागी दबतं आणि गाडी सरळ राहते. स्प्रिंगचं सस्पेन्शन त्यानंतरचं. हवेचे टायर आणि साधं सस्पेन्शन ही जोडी मला भारी सस्पेन्शन आणि कडक चाकापेक्षा कितीतरी बरी वाटते.

मग काटे? एका सकाळी साडेनऊच्या सुमाराला, खळ्याहून परत येताना मागचं डावं चाक बसलं. गाडी उलटी करून पाहिली तर टायरच्या खोबणीत एक सराटा रुतून बसलेला. हरभऱ्याएवढं फळ, राखेच्या रंगाचं, दोन शिंगं वर काढलेलं. कसंही पडलं तरी एक काटा आभाळाकडे. मी तो लगेच उपटला आणि उरलेली हवा पण निघून गेली. पुढचं अर्धं अंतर पोर कडेवर आणि गाडी एका हातानं ओढत. पंक्चरवाल्या भाऊंनी ट्यूब पाण्यात धरली तेव्हा आठ ठिकाणाहून बुडबुडे आले. ते म्हणाले, "वहिनी, काटा दिसला तरी घर येईपर्यंत काढायचा नाही. तोच भोकाला बूच असतो."

त्या दिवसापासून मी जे करते ते सांगते. ट्यूबमध्ये पंक्चर थांबवणारं लिक्विड घातलं आहे. सायकलच्या दुकानात बाटली मिळते, व्हॉल्व्हची आतली पिन काढून घालायचं, चाक फिरवायचं. सराट्याच्या भोकाला ते पुरतं. बाभळीचा लांब काटा मात्र कधी कधी आरपार जातो, तिथे ट्यूबच काढावी लागते. लिक्विड घातलेलं असेल तर काटा काढून चाक लगेच फिरवायचं, म्हणजे भोक बुजतं. नसेल तर भाऊंचा नियम. दुसरं, टायर आणि ट्यूबच्या मधे जुन्या सायकलच्या ट्यूबची उभी कापलेली पट्टी घातली आहे. चाक थोडं जड होतं, पण पंक्चर खूप कमी झाले. तिसरं, रोज घरी आल्यावर तिन्ही टायरवरून तळहात नाही, तर जाड फडका फिरवायचा. अडकतो तिथे काटा. बरेच काटे पहिल्या दिवशी नुसते रबरात असतात, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ट्यूबपर्यंत पोचतात.

घेण्याआधी टायरच्या बाजूला छापलेले आकडे वाचा. एक जोडी अशी दिसेल: ४७-२०३, ६२-२०३ किंवा ४७-३०५. पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा रिंगवर टायर बसतं तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. २०३ म्हणजे १२ इंची, ३०५ म्हणजे बहुतेक १६ इंची. लहान मुलांच्या सायकलींना हेच आकार असतात, त्यामुळे ट्यूब आपल्या तालुक्याच्या सायकलवाल्याकडे मिळते. आकडे काही वेगळेच असतील तर ट्यूब कुठून येणार हे आधी विचारा, पैसे नंतर द्या. रुंद टायर घ्या. अरुंद टायर मऊ मातीत सुरीसारखं रुततं.

व्हॉल्व्ह मोटरसायकलसारखा असेल तर बरं, कुठेही हवा भरता येते. पण पेट्रोलपंपावरच्या कॉम्प्रेसरनं भरू नका. एवढ्याशा टायरला क्षणभर नळी लावली तरी ते फुटू शकतं. घरी हातपंप ठेवा, मीटरवाला. हवा किती भरायची ते टायरवर लिहिलेलं असतं, तो आकडा म्हणजे वरची मर्यादा. खडबडीत वाटेवर त्याच्यापेक्षा थोडी कमी हवा असली की गाडी मऊ चालते. उन्हाळ्यात तर कमीच ठेवा: सकाळी गारव्यात ३० पौंड भरलेलं टायर भर उन्हात तापून ६० अंशांवर गेलं तर आत ३५ च्या आसपास होतं.

पुढचं चाक

पुढचं चाक फिरतं ठेवायचं आणि सरळ अडकवायचं, अशी दोन्ही सोय हवी. गल्लीत, दुकानात, वळणावळणाच्या जागी फिरतं ठेवा. मुरुमावर, उतारावर, जोरात चालताना सरळ अडकवा. फिरतं चाक दगडाला लागलं की आडवं होतं, गाडी जागीच थांबते आणि मागचा भाग वर उचलला जातो. वेग वाढला तर तेच चाक थरथरायला लागतं, नुसतं डावं-उजवं नाचतं. थरथर सुरू झाली की वेग कमी करा आणि चाक अडकवा.

अडकवायची कळ कुठे आहे ते पाहा. खाली चाकाजवळ असेल तर दर वेळी वाकावं लागतं. हातातल्या दांड्यावर असेल तर सोयीचं, पण तिची तार धुळीनं जाम होते. मी खालची कळ निवडली. एकदा वाकायचं, पण डोळ्यांनी दिसतं की अडकली.

आता सरळ चालण्याची परीक्षा. सपाट काँक्रीटवर रेघ ओढा, पुढचं चाक सरळ अडकवा, गाडीत वजन ठेवा आणि रेघेवर धरून तीन-चार मीटरपर्यंत हलकेच सोडा. (वजन ठेवून, बाळ ठेवून कधीच नाही.) गाडी एका बाजूला जात असेल तर बऱ्याच गाड्यांना पुढच्या चाकापाशी जुळवणीचा स्क्रू असतो. तो फिरवूनही ती तशीच जात असेल तर ती गाडी सोडा, तुमचं मनगट रोज सव्वा किलोमीटर तिच्याशी झगडत बसेल.

आणि सगळ्यात गंभीर गोष्ट. पुष्कळ गाड्यांचं पुढचं चाक घडी करताना काढण्यासाठी खटक्याच्या कळीनं बसवलेलं असतं. ती कळ नीट लागली नाही तर चाक चालताना निघतं आणि गाडी नाकावर आपटते. अशा चाकांच्या अपघातांवरून अमेरिकेच्या ग्राहक-सुरक्षा आयोगानं २०१८ मध्ये एका कंपनीविरुद्ध कारवाई केली होती. म्हणून निघण्याआधी रोज पुढचा भाग उचला आणि चाकावर वरून मुठीनं दोन ठोके द्या. निघायचं असेल तर ते तिथेच निघू दे.

ब्रेक, मनगटाची दोरी, पट्टे

पायानं लावायचा ब्रेक मागच्या दोन्ही चाकांना एकदम लागला पाहिजे. पेव्हर ब्लॉकच्या उतारावर वजन ठेवून लावून पाहा. चप्पल घातलेल्या पायानं सुटतो का, हेही पाहा. काही गाड्यांची कळ फक्त बुटाच्या टोकानं वर उचलता येते, आणि आपण वर्षातले दहा महिने चपलेत असतो.

सपाट काळ्या रानात हाताच्या ब्रेकची गरज नाही. डोंगराजवळ राहत असाल, सातपुड्याच्या पायथ्याची गावं किंवा चाळीसगावकडचा अजिंठ्याच्या रांगेचा भाग, तर दांड्यावरचा हातब्रेक असलेली गाडी बघा. उतारावर पंधरा किलोची पोर आणि बारा-तेरा किलोची गाडी खांद्यातून ओढ घेते.

मनगटाला बांधायची पट्टी असतेच. ती बांधा. नुसती लोंबत ठेवू नका.

पट्टे पाच टोकांचे हवेत: दोन खांद्यांवरून, दोन कमरेला, एक पायांच्या मधून. खडबडीत वाटेवर तीन टोकांच्या पट्ट्यात बाळ पुढे सरकतं. पट्टा आणि छाती यांच्यामध्ये आपली दोन बोटं जेमतेम जावीत एवढा घट्ट. युरोपातली गाडी असेल तर ईएन १८८८ आणि अमेरिकेतली असेल तर एएसटीएम एफ ८३३ असं सुरक्षेचं मानक लिहिलेलं शोधा. ईएन १८८८ चा पहिला भाग १५ किलोपर्यंतच्या मुलांच्या गाड्यांसाठी आणि दुसरा १५ ते २२ किलोसाठी आहे. हे कुठेच नसेल तर पट्ट्याची शिवण उलटी करून बघा, दोन्ही हातांनी झटका द्या.

बाळ केवढं झालं की

मान धरत नाही, आधाराशिवाय बसत नाही, अशा बाळाला खडबडीत वाटेवर न्यायचं नाही. बहुतेक कंपन्या ६ महिन्यांची मर्यादा सांगतात, काही ८ महिन्यांची. माझ्या मते महिन्यांपेक्षा बसणं पाहावं आणि आपल्या डॉक्टरांना एकदा विचारावं. सीट पूर्ण आडवी होते म्हणजे तान्ह्या बाळाला शिवारात नेता येतं, असा त्याचा अर्थ नाही. आडवी सीट सपाट गल्लीसाठी. त्याआधीचे महिने बाळ अंगाशीच बरं.

आजी-आजोबा लवकर बाहेर न्यायचा आग्रह धरतात. त्यांना मी एकच करून दाखवलं: वाटीत पाणी घेतलं, सीटवर ठेवलं आणि गाडी गाडवाटेवरून वीस पावलं नेली. वाटीत निम्मं पाणी राहिलं. नंतर कोणी आग्रह धरला नाही.

आपलं ऊन

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांपर्यंत आणि कधी त्याच्याही वर जातो. गाडीतलं मूल आपल्यापेक्षा जमिनीच्या जवळ असतं, म्हणजे तापलेल्या डांबराची धग त्याला आपल्याआधी लागते. सीट जितकी उंच तितकं बरं, पण फार उंच गाडी कलते. मधली घ्या.

छत मोठं हवं, बाळाच्या गुडघ्यांपर्यंत येणारं, आणि मागच्या बाजूला जाळीची खिडकी असलेलं, म्हणजे वारा आरपार जातो. काळं सीट टाळा, आणि टाळता येत नसेल तर वर पांढरा सुती कपडा अंथरा. पण गाडीवरून ओढणी किंवा टॉवेल टाकून ती झाकायची नाही. सावली मिळते असं वाटतं, पण आतली हवा कोंडते आणि बाहेरच्यापेक्षा जास्त तापते. आत बाळ घामेजतं आणि आपल्याला दिसतही नाही.

पट्ट्याची धातूची किंवा काळ्या प्लास्टिकची कडी उन्हात राहिली की चटका देते. बाळाला बसवण्याआधी तिला हाताच्या उलट्या बाजूनं स्पर्श करा. एप्रिल-मेमध्ये मी सकाळी नऊच्या आत परत येते, संध्याकाळी सहानंतरच पुन्हा निघते. मधल्या वेळात कितीही चांगली गाडी असली तरी ती पडवीत.

घडी आणि प्रवास

या गाड्या अवजड असतात, दहा ते चौदा किलोच्या. घडी केल्यावरची लांबी-रुंदी लिहून घ्या आणि ज्या रिक्षानं, ज्या कारनं किंवा एसटीनं तुम्ही जाता तिच्यात मोजून पाहा. मागची चाकं बटण दाबून निघत असतील तर एसटीच्या डिकीत सहज मावते. रेल्वेनं जाताना घडी फलाटावरच करा, दारात नाही. मोटरसायकलवर ती मागे धरून नेऊ नका, आम्ही एकदा नेली आणि वळणावर ती वाऱ्यानं फिरली.

घडी केल्यावर ती आपोआप उघडू नये म्हणून खटका असतो, तो एका हातानं लागतो का पाहा. दुसऱ्या हातात पोर असणारच.

दादर ज्वारीची पिशवी घेऊन दुकानात जा

रिकामी गाडी सगळीच छान चालते. घरून दहा किलो दादर पिशवीत बांधून न्या, ती सीटवर ठेवा आणि पट्टे आवळा. दुकानदाराला सांगा की फरशीवर नाही, बाहेर चालवून बघायचंय. नाही म्हणाला तर काय ते समजून घ्या. फूटपाथच्या कडेला न्या. दांडा खाली दाबून पुढचं चाक उचला आणि कडेवर चढवा. मग उलटं, मागची चाकं आधी, खाली उतरवा. एका हातानं गोल फिरवा. नवरा-बायको दोघांनीही चालवा, कारण दांड्याची उंची दोघांना लागते. ती कमी-जास्त करता येत नसेल तर उंच माणसाची पाठ धरते. चालताना आपलं पाऊल मागच्या आसाला किंवा ब्रेकच्या कांबीला लागतं का, हे लांब पावलं टाकून पाहा.

ऑनलाइन मागवणार असाल तर आल्याबरोबर घरी हीच परीक्षा घ्या, परत करायची मुदत संपायच्या आत. खोकं, गाडी परत देईपर्यंत किंवा ठेवायचं नक्की होईपर्यंत, फाडू नका.

कोणी परदेशातून आणलेली किंवा वापरलेली गाडी देत असेल तर मला ती नव्या स्वस्त गाडीपेक्षा बरी वाटते, फक्त चार गोष्टी पाहून. सांगाड्याला जोडाशी तडा किंवा पुन्हा जोडलेली खूण. चाक हातानं आडवं हलवलं तर बेअरिंगमध्ये खडखड. टायरच्या बाजूला बारीक भेगा, म्हणजे रबर वाळलंय, तेवढी दोन टायरं बदलण्याचा खर्च धरा. आणि पट्ट्यांची कडी दहा वेळा लावून-काढून.

जिथे जायचं, जिथे नाही

पहिला आठवडा रिकाम्या गाडीनं, मग दादरच्या पिशवीनं, मग पोरीला घेऊन. सामान गाडीच्या खालच्या टोपलीत, दांड्याला पिशवी अडकवायची नाही. पोर उचलून घेतली की ती पिशवी गाडी मागे पाडते.

सारंगखेड्याच्या यात्रेत दत्तजयंतीला आम्ही गेलो होतो. तापीकाठची धूळ-वाळू घोट्यापर्यंत. वाळूत गाडी ढकलायची नाही, पाठमोरं होऊन ओढायची, म्हणजे मागची मोठी चाकं आधी जातात आणि पुढचं लहान चाक त्यांच्या पाठोपाठ. गर्दीत मात्र तीनचाकीचं पुढे आलेलं चाक लोकांच्या घोट्याला लागतं, तिथे सावकाश. पद्मालयाला तळ्याभोवती ती चांगली चालली. पाटणादेवीच्या जंगलातल्या पायवाटा आणि पायऱ्या तिच्या नाहीत, तिथे झोळी. तोरणमाळला वरच्या पठारावर फिरवा, खोल कड्यांच्या कडेला नेऊ नका.

आणि पावसाळा. काळी माती एकदा भिजली की कोणतीही चाकं तिच्यापुढे चालत नाहीत. ती चाकाला लपेटते, थरावर थर चढतो, चाक आणि वरचा दांडा यांच्यामधली फट भरते आणि चाक फिरायचं थांबतं. मृगाच्या पहिल्या पावसानंतर आमची गाडी पन्नास पावलांवर जाम झाली होती, पऱ्हाटीच्या काडीनं खरवडून काढावी लागली. म्हणून घेताना चाकाच्या वर किमान दोन बोटं मोकळी जागा असलेली बघा, चिखलरोधक पट्टी असेल तर काढता येणारी. पाऊस पडल्यावर दोन दिवस उघाड झाल्याशिवाय मी ती वाटेवर काढत नाही.

चिखल लागलाच तर तो सुकू द्या आणि मग ब्रशनं झाडा. ओला असताना नळाची धार मारली की माती बेअरिंगमध्ये शिरते. आस आणि खटके फडक्यानं पुसून, मशीनच्या तेलाचे दोन थेंब, जादा तेल पुसून टाका नाहीतर धूळ धरतं. पुढचे चार महिने गाडी वापरायची नसेल तर टायरमध्ये हवा भरून ती पडवीच्या आढ्याला टांगा. जमिनीवर बसल्या टायरनं उभी ठेवली तर रबर घडीच्या जागी चिरतं. आमची सध्या तिथेच आहे. पोर रोज खालून तिच्या चाकाकडे बोट दाखवते.